सिम्युला : रांगांचे गणित आणि नॉर्वेचे धातुकामगार

पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकाचा विद्यार्थी सी++ किंवा जावा शिकू लागला की पहिल्या काही तासांतच 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' हे दोन शब्द त्याच्या वहीत उतरतात. परीक्षेत त्यांच्या व्याख्या विचारल्या जातात, त्या पाठही होतात. मात्र हे शब्द मुळात ज्या कामासाठी घडले, ते काम वर्गात सहसा सांगितले जात नाही. कारखाने, बंदरे, कचेऱ्या आणि नाक्यांवरच्या रांगा यांचे चालते-बोलते प्रतिरूप संगणकात उभे करणे, हे ते काम होते. स्थळ ऑस्लो, काळ १९६१ ते १९६७.

आजचा थ्रेड अशा प्रतिरूपांविषयी आहे. ती उभी करण्याची भाषा ज्या दोघांनी घडवली, त्यांच्यापैकी एकाने पुढे जे केले त्याविषयीही आहे. आपले हत्यार कोणाच्या हाती पडले आहे आणि कोणावर चालते आहे, हे त्याला दिसले. मग तो तेच ज्ञान घेऊन दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

प्रथम थोडे मागे जाऊ.

काम कागदावर मांडण्याची आधुनिक रीत अमेरिकेत जन्मली. फ्रँक गिलब्रेथ हा मूळचा गवंडीकाम करणारा माणूस. एक वीट रचताना गवंडी सुमारे १८ हालचाली करतो, असे त्याने मोजले. पाड (म्हणजे परांची) आणि विटांची मांडणी बदलून त्याने त्या पाचाच्या आत आणल्या. १९२१ साली त्याने आणि त्याची पत्नी लिलियन हिने अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे 'प्रोसेस चार्ट' मांडला. काम कोठे सुरू होते, वस्तू कोठे हलते, कोठे थांबते, कोठे तपासली जाते, या प्रत्येकासाठी एक खूण आणि खुणांना जोडणारी रेघ, असे त्याचे स्वरूप होते. आज कोणत्याही कंपनीच्या सादरीकरणात दिसणारे चौकोन आणि बाण या तक्त्याचेच वंशज आहेत.

या तक्त्यात एक मोठी उणीव होती. त्यात क्रम दिसे, पण योगायोग दिसत नसे. कागदावर प्रत्येक काम ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळेत संपते. प्रत्यक्षात कधी माल उशिरा येतो, कधी धागा तुटतो, कधी तीन गिऱ्हाइके एकदम दारात उभी राहतात.

धागा तुटण्याचा हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावाने फार जवळून पाहिला आहे. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्या बंद होत्या; सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. कारणे अनेक होती. त्यांतले एक प्रमुख कारण म्हणजे मालकांची कार्यक्षमता-योजना, ज्याला तेव्हा 'रॅशनलायझेशन' म्हणत. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूतकताई खात्यातल्या कामगाराने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू सांभाळाव्यात, असा त्या योजनेचा आशय होता. हिशेब वरवर सरळ दिसतो. माग चालू असताना विणकर नुसताच उभा असतो. मग त्याने आणखी एक माग का पाहू नये?

या प्रश्नाचे उत्तर सूत किती वेळा तुटते यावर अवलंबून आहे. हलक्या कापसाचे सूत जास्त तुटते. एका मागावरचा धागा जोडताना दुसरा माग थांबला तर तो थांबूनच राहतो. तिसराही थांबला तर विणकर नुसता धावत सुटतो. संपाच्या काळात वाटाघाटी झाल्या, पुढे चौकशी समिती नेमली गेली, पण हा गणिती गाभा मांडण्याचे साधन तेव्हा कोणाच्याच हाती नव्हते. विणकराला तो अनुभवाने ठाऊक होता, आणि अनुभवाला चौकशीच्या टेबलावर किती वजन मिळते हे वेगळे सांगायला नको. एका कामगाराकडे किती यंत्रे द्यावीत, या नेमक्या प्रश्नाचे गणित कॉनी पाल्म या स्वीडिश अभियंत्याने १९४७ साली प्रसिद्ध केले. संपाला तोवर १९ वर्षे होऊन गेली होती.

पाल्मने आधार घेतला होता तो टेलिफोनच्या गणिताचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा आग्नेर क्रारूप एर्लांग याने १९०९ साली येणाऱ्या कॉलच्या अनियमिततेवर पहिला निबंध लिहिला आणि रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. या शास्त्राची चुणूक एका छोट्या उदाहरणाने मिळेल.

एक खिडकी आहे. सरासरी दर ६ मिनिटांनी एक माणूस येतो. एका माणसाच्या कामाला सरासरी ५ मिनिटे लागतात. म्हणजे खिडकीवरच्या कारकुनाला दर माणसामागे एक मिनिट मोकळे मिळते. सगळे घड्याळ्याच्या ठोक्यावर चालले, तर कोणालाही क्षणभर थांबावे लागणार नाही. पण माणसे आपल्या मर्जीने येतात, आणि कोणाचे काम दोन मिनिटांचे तर कोणाचे बारा मिनिटांचे असते. येणे आणि काम हे दोन्ही एर्लांगच्या गणितात धरतात तसे पूर्णपणे योगायोगाचे मानले, तर रांगेतला सरासरी खोळंबा निघतो २५ मिनिटांचा. कामाची सरासरी ५ वरून ४ मिनिटांवर आणली की तोच खोळंबा ८ मिनिटांवर येतो.

म्हणजे कारकुनाच्या तासातली १० मिनिटे 'रिकामी' दिसतात, ती वाया गेलेली नसतात; रांग आटोक्यात राहते ती त्या रिकाम्या मिनिटांमुळे. ती काढून घेतली की रांग अनावर होते. पण आकडे वाचणाऱ्या वरच्या माणसाला आधी रिकामा कारकून दिसतो. पुढची सगळी कथा या दोन दृष्टींमधल्या झगड्याची आहे.

एक खिडकी असेल तर सूत्र पुरते. दहा यंत्रे, चार पाळ्या, मध्येच बिघाड, दोन प्रकारचा माल असे काही आले की सूत्र हात टेकते. मग उरतो तो एकच मार्ग : दिवस खोटाखोटा जगून पाहणे. प्रत्येक घटनेची वेळ यदृच्छ संख्येने, म्हणजे फासे टाकल्यासारखी, ठरवायची, घड्याळ एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारत न्यायचे, आणि असे शेकडो दिवस चालवून सरासरी काढायची. फासे टाकून उत्तर काढण्याच्या या पद्धतीला 'मोंटे कार्लो' हे जुगाराच्या गावाचे नाव पडले. स्तानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या अण्वस्त्र-संशोधनात वापरात आणली.

नॉर्वेत ती पोचली ती अणुभट्टीच्या निमित्तानेच.

क्रिस्टन न्यूगोर याचा जन्म १९२६ सालचा, ऑस्लोचा. १९४८ साली तो नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन संस्थेत दाखल झाला. शेलर येथे देशाची पहिली अणुभट्टी उभी राहत होती आणि तिच्या आकडेमोडीत मोंटे कार्लो पद्धत वापरायची होती. संगणक नव्हता. माणसांनी हाताने फासे टाकावेत तशी ती गणिते कागदावर केली गेली. पुढे न्यूगोर लष्करी कामांच्या शास्त्रीय नियोजनाकडे, म्हणजे 'ऑपरेशनल रिसर्च'कडे वळला आणि त्या विभागाचा प्रमुख झाला. त्याच संस्थेत १९५२ साली ओले-योहान दाल आला. तो न्यूगोरपेक्षा पाच वर्षांनी लहान, अबोल आणि संगणकाच्या अंतरंगात रमणारा. न्यूगोर उंच आवाजात बोलणारा, राजकारणात रस घेणारा, कोणत्याही सभेत उठून उभा राहणारा. अशा जोड्या जमतात तेव्हा त्या फार काम करतात.

१९६० साली न्यूगोर 'नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटर' या संस्थेत गेला. तेथे उद्योगांची कामे येत. प्रत्येक कामासाठी नवे प्रतिरूप, आणि प्रत्येक प्रतिरूपासाठी नव्याने लिहिलेला कार्यक्रम. त्याच्या ध्यानात आले की खरी अडचण संगणकाच्या अलीकडची आहे. कारखान्याचे काम नेमके सांगायचे कसे, यासाठी भाषाच नाही. ज्याला काम ठाऊक आहे त्याला संगणक कळत नाही, आणि ज्याला संगणक कळतो त्याने कारखाना पाहिलेला नाही. दोघांनाही वाचता येईल असे वर्णन हवे, आणि तेच वर्णन संगणकाने चालवायला हवे. १९६१ साली हा विचार सुरू झाला. दालने त्याला आकार दिला. भाषेचे नाव ठरले 'सिम्युला'.

हा विचार करणारे ते एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीत के. डी. टोकर याने पोलाद कारखान्यांच्या सिम्युलेशनसाठी १९५८ च्या सुमारास एक सर्वसाधारण कार्यक्रम रचला होता. आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन याची 'जीपीएसएस' ही प्रणाली १९६१ साली आली. रँड कॉर्पोरेशनमध्ये हॅरी मार्कोविट्झ 'सिमस्क्रिप्ट' रचत होता. पुढे १९९० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेला तोच हा मार्कोविट्झ. गुंतवणुकीच्या सिद्धान्तासाठी तो प्रसिद्ध आहे, पण रांगांच्या इतिहासातही त्याची जागा आहे. जर्मनीत कार्ल अॅडम पेट्री याचा प्रबंध १९६२ सालचा. त्याच्या 'पेट्री जाळ्यां'वर आजचे प्रक्रिया-विश्लेषण बरेचसे उभे आहे.

संगणकाची सोय झाली ती व्यापारी योगायोगाने. अमेरिकेच्या युनिव्हॅक कंपनीला युरोपात आपला ११०७ हा नवा संगणक खपवायचा होता. १९६२ साली न्यूगोर अमेरिकेला गेला तो ते यंत्र पाहायला, आणि परत आला तो सिम्युलात कंपनीचा रस जागा करून. यंत्र मोठ्या सवलतीत ऑस्लोला मिळाले आणि सिम्युलाचा अनुवादक-कार्यक्रम लिहून देण्याचा करार झाला. १९६५ च्या आरंभापर्यंत तो तयार होता.

सिम्युलात वेगळे काय होते? समजा, बंदराचे प्रतिरूप करायचे आहे. जीपीएसएससारख्या पद्धतीत जहाज म्हणजे एक निमूट पुडके. ते धक्का, क्रेन, गोदाम अशा ठाण्यांतून ढकलले जाते आणि सगळी हालचाल ठाणी करतात. न्यूगोर-दाल यांनीही सुरुवात अशीच केली होती. नंतर त्यांना दिसले की हेच बंदर उलट बाजूनेही सांगता येते : जहाज येते, धक्का मागते, क्रेनची वाट पाहते, माल उतरवते, निघून जाते. येथे कर्ता जहाज आहे आणि क्रेन नुसते साधन. क्रेनचालकाच्या बाजूने सांगितले तर तो कर्ता. तिन्ही वर्णने खरी आहेत. कोणाच्या नजरेने सांगायचे एवढाच प्रश्न. तेव्हा त्यांनी दोन्ही प्रकारांना एकच नाव दिले, 'प्रोसेस' : स्वतःची स्थिती, स्वतःचा कार्यक्रम आणि वाट पाहण्याची क्षमता असलेला घटक. जहाज असो, क्रेन असो, माणूस असो, प्रत्येकाला भाषेत स्वतःचा जीवनक्रम मिळाला.

तांत्रिक दृष्टीने ही क्रांती होती. दुसऱ्या दृष्टीनेही होती, पण ते स्वतः न्यूगोरलाही काही वर्षांनी कळायचे होते.

१९६६ च्या अखेरीस दोघांपुढे टोलनाक्याचे उदाहरण होते. पुलावर नाका, नाक्यावर रांग, रांगेत ट्रक आणि बस. दोन्ही वाहनेच, दोन्हींना रांगेत उभे राहणे समान, पण ट्रकचे नियम निराळे आणि बसचे निराळे. समान भाग दोनदा का लिहावा? तो एकदा लिहून ट्रक आणि बस या दोघांच्याही आधी जोडता आला तर? या प्रश्नातून वर्ग आणि उपवर्ग यांची कल्पना निघाली. टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाची काही व्याख्याने त्या सुमारास त्यांच्या वाचनात होती, त्यांचाही हातभार लागला. मे १९६७ मध्ये ऑस्लोतल्या परिषदेत 'क्लास' ही संकल्पना जगापुढे मांडली गेली आणि सिम्युला ६७ जन्मली. डेन्मार्कचा ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप केंब्रिजला संशोधन करताना ही भाषा वापरत होता. १९७९ पासून त्याने सी भाषेला तिच्या धर्तीवर वर्ग जोडले, आणि त्याचे पुढे सी++ झाले.

त्या दिवसांतला एक किस्सा न्यूगोर आणि दाल यांनीच नोंदवून ठेवला आहे. संस्थेत नव्याने रुजू झालेली एक व्यक्ती घाबऱ्याघुबऱ्या टेलिफोन ऑपरेटरकडे आली : वर फळ्यापाशी दोन माणसांची भयंकर मारामारी चालली आहे, काय करावे? ऑपरेटरने बाहेर येऊन क्षणभर कान दिला आणि धीर दिला की काळजी नको, ते दाल आणि न्यूगोर सिम्युलाची चर्चा करीत आहेत.

येथपर्यंतची कथा संगणकशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. पुढची बहुधा गाळली जाते.

सिम्युला वापरात आली आणि न्यूगोरला तिचे परिणाम दिसू लागले. ती जे करते ते मोठ्या प्रमाणावर माणसांच्या कामाची मांडणी आहे, हे त्याच्यापासून लपले नाही. तो पुढे लिहितो त्याचा आशय असा : या साधनामुळे काम अधिक साचेबंद होईल, कसबाची गरज घटेल, कामाच्या जागी लवचिकता कमी होईल आणि ताण वाढेल, हे त्याला दिसत होते. विणकरालाही १९२८ साली हेच दिसले होते. फरक इतकाच की येथे ते साधन घडवणाऱ्यालाच दिसले.

प्रतिरूपात काय घालायचे हे कोण ठरवते, यावर सगळे अवलंबून असते. यंत्रावर एका नगाला किती मिनिटे लागतात ही संख्या घड्याळ लावून घेता येते. पण पात्याचा आवाज बदलला की जुना कारागीर थांबतो, शेजारच्या नवख्या पोराला हात देतो, उद्या अडणार असलेला माल आजच बाजूला काढून ठेवतो, हे कोणत्या रकान्यात भरायचे? ज्याला रकाना नाही ते संगणकाच्या दृष्टीने घडतच नाही. मग व्यवस्थापन छापील कागदांची चळत घेऊन बैठकीला येते, आणि समोरच्या कामगार-प्रतिनिधीपाशी असतो तो केवळ त्याचा अनुभव. वाद हरण्यासाठी याहून सोपी स्थिती नाही. आकडे खोटे असण्याचीही गरज नसते.

१९७० साली नॉर्वेच्या लोखंड व धातुकामगार संघटनेने आपल्या अधिवेशनात ठरवले की नव्या नियोजन-पद्धती आणि संगणक यांचा अभ्यास संघटनेने स्वतः करावा. न्यूगोरशी बोलणी झाली. १९७१ ते १९७३ या काळात जो प्रकल्प चालला तो 'लोखंड आणि धातू प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. त्यात न्यूगोरचा मुख्य सहकारी होता ओलाव तेर्ये बर्गो. चार कारखान्यांतल्या स्थानिक संघटना त्यात सामील झाल्या. कोंग्सबर्गचा जुना शस्त्र-कारखाना त्यांपैकी एक.

सुरुवातीची योजना अगदी नेहमीची होती. संशोधक कारखान्यांत जातील, मुलाखती घेतील, कोणत्या मागण्या कराव्यात याचा अहवाल लिहितील. थोड्याच दिवसांत सर्वांना कळून चुकले की असा अहवाल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाईल. कामगार अजूनही स्वतःच्या कारखान्याच्या प्रतिरूपाविषयी दुसऱ्याने लिहिलेलेच वाचत बसतील. तेव्हा योजना मोडून नवी केली गेली, आणि 'निष्कर्ष' या शब्दाची व्याख्याच बदलली. संशोधकांनी काय शोधले हा निष्कर्ष नाही. प्रकल्पामुळे संघटनेने, स्थानिक किंवा राष्ट्रीय पातळीवर, जी प्रत्यक्ष कृती केली तोच प्रकल्पाचा निष्कर्ष. विद्यापीठांत संशोधन करणाऱ्या कोणालाही ही व्याख्या आजही थोडी अस्वस्थ करील.

मग कारखान्यांत कामगारांचे अभ्यासगट बसले. न्यूगोर आणि त्याचे सहकारी शिक्षक म्हणून आले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली : संगणक काय करतो, उत्पादनाचे नियोजन कसे होते, माहिती कोठून कोठे जाते, ती कोणाला दिसते. अशा ज्ञानाच्या बळावर गटांनी स्वतःच्याच कारखान्यातल्या पद्धती तपासल्या आणि आपले अहवाल आपण लिहिले. सिम्युलाच्या मुळाशी जो विचार होता, की ज्याला काम ठाऊक आहे त्याला वर्णन वाचता आले पाहिजे, तो आता फळ्यावरून कारखान्याच्या खोलीत उतरला होता. याच वर्षांत न्यूगोर, एरिक होल्बेक-हानसेन आणि पेटर होंडलिक्केन यांनी 'डेल्टा' नावाची आणखी एक भाषा रचली. ती संगणकावर चालवण्यासाठी नव्हतीच. माणसांनी माणसांना एखाद्या यंत्रणेचे वर्णन सांगावे, एवढ्यासाठीच ती होती.

कृती खरोखरच झाली. आधी काही कारखान्यांत स्थानिक करार झाले. मग १९७५ साली कामगार संघटनांचा राष्ट्रीय महासंघ एलओ आणि मालकांची संघटना एनएएफ यांच्यात सर्वसाधारण 'डेटा-करार' झाला. संगणकाधारित पद्धती आणण्यापूर्वी मालकाने कामगारांना माहिती द्यावी, आणि ती विशेष ज्ञान नसलेल्यालाही समजेल अशा भाषेत असावी, असे त्यात लिहिले गेले. या कामासाठी कामगारांना आपला स्वतंत्र प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मिळाला. डेटाविषयीचा कामगार-प्रतिनिधी हे पद तेव्हा जगाला नवे होते. १९७७ च्या कार्यपरिस्थिती कायद्याने यातला गाभा साऱ्या देशाला लागू केला : कामाच्या नियोजनासाठी आणि ते पार पाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतींची माहिती कामगारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना मिळाली पाहिजे, त्या समजून घेण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे, आणि त्या रचण्यात त्यांचा सहभाग असला पाहिजे.

येथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही. कराराची मर्यादा लवकरच दिसली. डेटा-प्रतिनिधी व्यवस्थापनाबरोबर बैठकांना बसू लागले, तांत्रिक भाषा बोलू लागले, आणि त्यांच्यातले काही ज्यांच्यासाठी बसले होते त्यांच्यापासूनच दुरावले. शिवाय करार मिळवून देतो तो विचारण्याचा अधिकार. प्रतिरूप बनवायला लागणारा पैसा, माणसे आणि वेळ मालकाकडेच राहतात. आयत्या प्रतिरूपाला आक्षेप घेणे एक, आणि स्वतःचे प्रतिरूप मांडणे दुसरे.

ही दुसरी वाट स्वीडन-डेन्मार्कमध्ये शोधली गेली. न्यूगोरच्या प्रकल्पाचा कित्ता गिरवत स्वीडनमध्ये 'डेमोस' आणि डेन्मार्कमध्ये 'ड्यूए' हे प्रकल्प झाले. त्यांच्या अनुभवावर १९८१ साली 'युटोपिया' प्रकल्प उभा राहिला. वृत्तपत्रांच्या छापखान्यांत शिशाचे खिळे जाऊन संगणक येत होता आणि खिळे जुळवणाऱ्यांचे कसब एका रात्रीत निरुपयोगी ठरण्याची भीती होती. छपाई कामगारांच्या संघटना आणि संशोधक यांनी मिळून ठरवले की यंत्र येणारच असेल तर ते कसे असावे हे कामगारांनीच सांगावे. पण जे यंत्र अजून बाजारात नाही त्याविषयी सांगणार कसे? त्यांनी पुठ्ठ्याची खोकी घेतली. एका खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असे लिहिले. पडद्याच्या जागी कागद चिकटवले. मग त्या खोट्या यंत्रांपुढे बसून खऱ्या कारागिरांनी पान लावण्याचे खरे काम करून पाहिले, आणि अडले तेथे कागद बदलले.

हेही सिम्युलेशनच होते. यात यदृच्छ संख्या नव्हत्या, युनिव्हॅक नव्हता. पण कारागीर हाताने जे जाणतो आणि ज्याला कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो, ते या पुठ्ठ्याच्या प्रतिरूपात आपोआप शिरत होते, कारण प्रतिरूप चालवणारा तोच होता. या परंपरेतून 'सहभागी आराखडा' हे संशोधनाचे क्षेत्र उभे राहिले आणि आज ते जगभर शिकवले जाते.

मुख्य प्रवाह मात्र दुसरीकडे वळला. १९९० साली मायकल हॅमर याने 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये जुन्या प्रक्रियांना संगणक जोडत बसण्यापेक्षा त्या मुळापासून पुसून नव्या आखाव्यात असा पुकारा केला, आणि चौकोन-बाणांचे तक्ते पुन्हा वरच्या मजल्यावर काढले जाऊ लागले. ते तक्ते काढणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी पुष्कळ सॉफ्टवेअर ज्या भाषांत लिहिले जाते, त्यांतले 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' सिम्युलातून आलेले आहेत. इतिहासाला असा तिरकस विनोद अधूनमधून सुचतो.

न्यूगोर स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हताच. १९९० पासून त्याने नॉर्वेच्या युरोपीय संघातील प्रवेशाला विरोध करणाऱ्या चळवळीचे नेतृत्व केले, आणि १९९४ च्या सार्वमतात ती चळवळ जिंकली. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा २००१ सालचा ट्यूरिंग पुरस्कार त्याला आणि दालला मिळून जाहीर झाला. दाल २९ जून २००२ रोजी गेला; न्यूगोर त्याच वर्षी १० ऑगस्टला.

नॉर्वेचा कार्यपरिस्थिती कायदा २००५ साली नव्याने लिहिला गेला. कामाच्या नियोजनाच्या पद्धतींची माहिती, त्यांचे शिक्षण आणि त्या रचण्यातला सहभाग या तिन्ही गोष्टी त्यात कायम ठेवल्या गेल्या. त्या आज कलम ४-२ मध्ये आहेत.